कपाटाची किल्ली

बँकेच्या सेवेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षे झाली होती. आमचे गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व भागातले, तालुक्याचे. गावाच्या कडेला असलेल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका बाई मे महिन्याच्या अखेरीस एके दिवशी घरी आल्या. पूर्वी त्यांचे खाते आमच्याच शाखेत होते. शाळेच्या ग्रंथालयाची दाखल नोंदवही प्रत्यक्ष पुस्तकांशी जुळत नाही आणि तपासणी जवळ आली आहे, अशी त्यांची अडचण होती. "साहेब, तुम्ही ३६ वर्षं हिशेब जुळवलेत. एवढं एक काम आमचं करून द्या," असे त्या म्हणाल्या. रिकामपण अंगावर येऊ लागलेल्या माणसाला याहून गोड आमंत्रण दुसरे नसते. मी दुसऱ्याच दिवशी शाळेत गेलो.

ग्रंथालय म्हणजे कार्यालयातील एक लोखंडी कपाट होते. त्याची किल्ली बाईंच्या पर्समध्ये असे. दोन दिवस मी आणि शाळेचे एक तरुण गुरुजी पुस्तके मोजत बसलो. नोंदवहीत ४१२ पुस्तके होती, कपाटात ३९७ निघाली. पंधरांपैकी काही वाळवीने खाल्ल्याचे गुरुजींना आठवत होते, उरलेली इमारत बदलताना गेली असावीत. इतक्या वर्षांत इतकी कमी तूट पाहून मला आनंद झाला. मग मी देवघेव नोंदवही मागितली. तिच्यातील शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची होती, आणि पुस्तक नेणारी व्यक्ती एक शिक्षिकाच होती. ज्या शाखेत ठेवी भरपूर आणि कर्जवाटप शून्य, अशा शाखेच्या व्यवस्थापकाला आम्ही काय विचारले असते, ते मनात आले. पण मी गप्प बसलो. बाईंनीच माझा चेहरा वाचला.

"साहेब, पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार? उद्या माझी बदली झाली की चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्यावं लागतं. मुलं लहान. कोणी फाडलं, कोणी भिजवलं, तर माझ्या नावावर."

या उत्तरात तक्रार करण्यासारखे काही नव्हते. बालकांच्या सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तेथे वृत्तपत्रे, मासिके व गोष्टीची पुस्तके असावीत, असे सांगितले आहे. 'समग्र शिक्षा' योजनेत शाळेच्या स्तराप्रमाणे ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे कायदा आहे, पैसाही थोडाफार येतो, पुस्तके येतात, आणि ती नोंदवहीत चढताच कपाटात जातात. कपाटाला खरे कुलूप जबाबदारीच्या भीतीचे असते.

मी बाईंना म्हटले, देवघेवीचे काम माझ्याकडे द्या, हिशेबाला मी उत्तरदायी राहीन. जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा आठवड्यातून दोन दिवस मी तेथे जाऊ लागलो. मुले मला 'बँकेचे आजोबा' म्हणू लागली. आणि मी, वाचकहो, खरोखरच बँक उघडली. प्रत्येक मुलाचे कार्ड केले. कार्डावर पालकांची सही किंवा अंगठा घेतला. मुदत सात दिवसांची, उशीर झाल्यास दिवसाला एक रुपया दंड, पुस्तक फाटल्यास किंमत वसूल. शिवाय पुढील पुस्तक हवे असेल तर आधीच्या पुस्तकाचा पाच ओळींचा सारांश लिहून आणावा, अशी अट घातली. या अटीचा मला विशेष अभिमान होता. वाचन वायफळ होऊ नये, असा माझा त्यामागील उदात्त हेतू.

पहिल्या आठवड्यात साठ-सत्तर मुलांनी पुस्तके नेली. ऑगस्टच्या मध्यावर ती संख्या नऊवर आली. त्या नऊ मुलांची अक्षरे सुंदर होती, सारांश नीटनेटके होते, आणि ती सगळी वर्गात आधीपासून पहिल्या ओळीत बसणारी होती. वसुली शंभर टक्के होती. जुन्या सवयीने मी त्यातही समाधान मानले असते, पण तिसरीतील एका मुलीने ते होऊ दिले नाही.

तिने एक हत्तीचे चित्रपुस्तक मोठ्या हौसेने निवडले होते. दुसऱ्याच दिवशी ते परत घेऊन आली. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, गाठीवर पुन्हा गाठ.

"एवढ्यात वाचून झालं?"

"नाही आजोबा. आईने फळीवर ठेवलं होतं. फाटलं तर पैसे भरावे लागतील ना."

तिचे वडील भुसार बाजारात हमाल आहेत. आई एका आडतीवर धान्य निवडायला जाते. त्या बाजारात आपल्या समाजाच्या पेढ्या किती आहेत, हे मी या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. त्या मुलीच्या घरात शाळेच्या पाठ्यपुस्तकांखेरीज आलेले ते पहिले पुस्तक होते, आणि माझ्या नियमांमुळे ते रात्रभर फळीवर गाठ मारून राहिले. तिने कार्डही परत केले. कार्डामागे मीच छापून घेतलेले नियम होते.

त्या रात्री मला वडिलांचे किराणा दुकान आठवले. पुड्या बांधण्यासाठी वडील रद्दी किलोवर विकत घेत. त्या ढिगात कधी 'चांदोबा'चे अंक येत. दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसताना मी ते शोधून गोणपाटाखाली लपवीत असे. पुढे १९७१ साली बालभारतीचे 'किशोर' सुरू झाले, त्याचे अंकही त्याच वाटेने हाती आले. बऱ्याच अंकांची शेवटची पाने गायब असत, जिरे-मोहरीबरोबर ती कोणाच्या तरी घरी गेलेली. मग राजपुत्राचे पुढे काय झाले, ते मी स्वतःच ठरवीत असे. मला कोणी सारांश विचारला नाही. कोणी अंगठाही घेतला नाही. वाचनाची जी काही आवड माझ्यात आली, ती पुडीच्या कागदातून आली, आणि साठी ओलांडल्यावर मी मुलांना वाचनासाठी जामीनदार मागत होतो.

सप्टेंबरमध्ये मी बाईंसमोर माझी चूक कबूल केली. आम्ही दंड काढून टाकला, सारांश काढून टाकला. पण फाटण्या-हरवण्याचा प्रश्न उरलाच होता, कारण बाईंची भीती खरी होती. येथे मात्र माझा जुना अनुभव उपयोगी पडला. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम आहेत, २०१७ चे. त्यांतील नियम २१५ ग्रंथालयांविषयी आहे. वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके हरवणे वाजवी मानावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी, असे तो म्हणतो. हजार रुपयांहून महाग पुस्तक हरवले तर चौकशी करावी, असेही त्यात आहे. हा नियम जिल्हा परिषदेच्या शाळेला थेट लागू होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दिल्लीचे सरकार जर पुस्तके हरवतात हे गृहीत धरून चालते, तर आमच्या गावाने सहा वर्षांच्या मुलांकडून याहून अधिक अपेक्षा का करावी? शाळा व्यवस्थापन समितीपुढे मी तो नियम वाचून दाखवला. समितीने ठराव केला: मुलांच्या वापराने फाटलेली वा हरवलेली पुस्तके वर्षअखेरीस समितीसमोर ठेवावीत आणि त्यांच्या निर्लेखनाची शिफारस करावी, पालकांकडून वसुली करू नये, तूट देणगीतून भरून काढावी. व्यापारी मंडळींना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. धान्याच्या पोत्यात घट धरल्याशिवाय कोणी भाव बांधत नाही.

ठरावाची प्रत फाईलला लागली आणि बाईंनी पर्समधून किल्ली काढून माझ्या हाती दिली.

त्यानंतर कपाट रिकामे करताना दुसरी गोष्ट ध्यानात आली. ३९७ पैकी निम्म्याहून अधिक पुस्तके पहिली ते चौथीच्या मुलांच्या उपयोगाची नव्हतीच. शिक्षक हस्तपुस्तिका, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, बारीक टाइपातील थोरामोठ्यांची चरित्रे, एकाच पुस्तकाच्या पंचवीस-तीस प्रती. काही पुस्तकांवर देणगीदारांची नावे सुवाच्य अक्षरांत होती, आणि पाने एकमेकांना चिकटलेली होती. ज्याला अजून जोडाक्षरात अडखळायला होते, अशा मुलाला दोनशे पानी चरित्र देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला नदीचे माहात्म्य सांगणे आहे.

लहान मुलाला पहिल्यांदा काय हवे असते? पानावर एक-दोन वाक्ये, मोठा टाइप, आणि मजकुराशी इमान राखणारे चित्र. एका बैठकीत संपेल असे पुस्तक. ते संपले की 'मी पुस्तक वाचले' असे त्याला म्हणता येते, आणि तेच पुस्तक ते चार वेळा वाचते. चौथ्या वेळी डोळे अक्षरावर न थांबता शब्दावरून सरकू लागतात. ही गती आल्याशिवाय अर्थाकडे लक्ष देण्याइतकी उसंत मनाला मिळत नाही. मोठी माणसे 'तेच तेच काय वाचतोस' म्हणून मुलाच्या हातून पुस्तक काढून घेतात, तेव्हा नेमकी ही शिडी काढून घेतात. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची अशी पुस्तके मराठीत मिळतात. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारखी पुस्तके ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आहेत. पुस्तके सडपातळ असतात, किंमतही बेताची. आम्ही अशी शंभर पुस्तके आणली. जुनी जी मुलांच्या कामाची नव्हती, ती रीतसर वेगळ्या यादीत घालून शिक्षकांच्या खोलीत नेली.

पाठ्यपुस्तक असताना आणखी पुस्तके कशाला, असा प्रश्न समितीतील एका सद्गृहस्थांनी विचारला होता. त्याचे उत्तर मला दुसरीच्या वर्गात मिळाले. एक मुलगा धडा घडाघडा 'वाचत' होता. मी सहज पान उलटले, तरी त्याचे वाचन आधीच्या पानावरच चालू राहिले. धडा त्याला पाठ होता. तेच शब्द गोष्टीच्या नव्या पुस्तकात आले तेव्हा त्याला एकही ओळखता आला नाही. 'असर' अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले सुमारे २७ टक्के होती, आणि पाचवीतही ते प्रमाण निम्म्यापर्यंत पोहोचले नव्हते. त्या टक्केवारीत हा पाठांतर करणारा मुलगा आहे. वर्षभर ठरावीक धडेच डोळ्यांपुढे असतील, तर मूल दुसरे काय करणार?

गिजुभाई बधेका यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. भावनगरचे हे गृहस्थ आधी वकील होते, मग बालशिक्षणाकडे वळले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकातील शिक्षक चौथीच्या गोंधळ घालणाऱ्या वर्गाला ताळ्यावर आणण्यासाठी गोष्टी सांगू लागतो. मग पाठ्यपुस्तकांना लागणारे पैसे एकत्र करून वर्गासाठी गोष्टीच्या पुस्तकांचे ग्रंथालय उभे करतो. हे १९३२ चे पुस्तक. आपल्याकडील अनेक घरांत ते मूळ गुजरातीतही वाचता येईल, आणि वाचावे.

दक्षिणेत त्याच सुमारास, १९३१ मध्ये, डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. तेही मूळचे गणिताचे अध्यापक, पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पुस्तके वापरासाठी असतात, हा त्यांचा पहिला नियम. तो इतका साधा दिसतो की नियम म्हणून सांगण्याचे कारणच काय, असे वाटावे. पण युरोपात एके काळी ग्रंथ साखळीने फळीला बांधून ठेवीत, तेथून त्यांनी सुरुवात केली आहे. आपल्याकडेही हे घडले. मूडबिद्रीला षट्खंडागमाच्या धवला टीकेच्या ताडपत्री शतकानुशतके सांभाळून ठेवल्या होत्या. त्यांचे दर्शन होई, वाचन होत नसे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी आग्रह धरला, त्यांची नक्कल होऊ लागली, आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला. सांभाळणाऱ्यांचे ऋण मोठे आहेच. पण अभ्यासकांच्या हाती ग्रंथ आला, तो कोणीतरी कपाट उघडायला लावले म्हणून.

आता आमच्या शाळेत कपाट वापरात नाही. वर्गाच्या भिंतीला मुलांच्या खांद्याइतक्या उंचीवर दोऱ्या बांधल्या आहेत, आणि त्यांवर पुस्तके कपडे वाळत घालावीत तशी लावलेली असतात, मुखपृष्ठ बाहेर. लहान मूल पुस्तकाच्या कण्यावरचे नाव वाचून निवड करीत नाही, ते चित्र पाहून करते. देवघेवीची वही चौथीतील दोन मुली सांभाळतात. शनिवारी सकाळी वीस मिनिटे मी मोठ्याने वाचून दाखवतो. सुरुवातीस आवाज कसा बदलावा ते मला कळेना. कर्जमंजुरीचे पत्र वाचल्यासारखे मी कोल्ह्याचे बोलणे वाचीत असे. एका पहिलीतल्या मुलाने मला थांबवून कोल्हा कसा बोलतो ते करून दाखवले, तेव्हापासून थोडी सुधारणा आहे. जे पुस्तक वाचून दाखवतो, त्याला पुढील आठवड्यात हमखास मागणी असते. गोष्ट ठाऊक असल्याने अडखळले तरी वाट सापडते.

ती हत्तीच्या पुस्तकाची मुलगी लगेच आली नाही. नियम बदलल्याचे मी तीनदा सांगितले, पण एकदा परत केलेल्या गोष्टीकडे पुन्हा हात करायला गरिबाच्या मुलाला फार वेळ लागतो. शेवटी बाई तिच्या आईला आडतीवर जाऊन भेटल्या. "फाटलं तर फाटू द्या, पैसे नाही मागणार," हे वाक्य त्यांनी चारचौघींसमोर मोठ्याने सांगितले. त्या आठवड्यात इतर बायकांच्या तीन मुलांनीही पुस्तके नेली. मुलगी हत्तीचे पुस्तक आता आईला वाचून दाखवते. आई निरक्षर आहे. हत्ती पान सहावर चिखलात पडतो, हे तिला पाठ झाले आहे, असे मुलगी सांगते.

हे सगळे सरकारी शाळेपुरते आहे, असे कोणी समजू नये. माझा नातू शहरातील महागड्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. तेथील ग्रंथालयाच्या काचेआड हजारो पुस्तके आहेत. आठवड्यातून एक तास असतो. मुले रांगेने जातात, हजेरी क्रमांकाप्रमाणे एकेक पुस्तक समोर येते, आणि घंटा झाली की अर्धे वाचलेले पुस्तक परत घेतले जाते. "तुला कुठलं आवडलं?" असे मी विचारले, तर तो म्हणाला, "आम्ही आवडलेलं घेत नाही आजोबा, आलेलं घेतो." फी भरणाऱ्या पालकांनी निकालाबरोबर एवढे तरी विचारावे की मुलांना पुस्तक स्वतः निवडता येते का, आणि घरी नेता येते का.

वाढदिवसाला किंवा वडीलधाऱ्यांच्या पुण्यतिथीला शाळेत वह्यावाटप करण्याची पद्धत आपल्याकडे चांगली रुजली आहे. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिनही होतो. पुस्तके टेबलावर मांडली जातात, छायाचित्र काढले जाते, पुस्तके परत आत जातात. माझी विनंती निराळी आहे. पुस्तके देण्यापूर्वी एकदा शाळेत जाऊन देवघेवीची वही पाहावी. ती कोरी असेल तर आणखी पुस्तके देऊ नयेत. आधी मुख्याध्यापकांना लेखी द्यावे की वर्षाला हरवतील-फाटतील तेवढी पुस्तके आम्ही भरून देऊ. आमच्या गावातील दोन आडत्यांनी असे पत्र दिले आहे. गेल्या वर्षी त्यांना द्यावी लागलेली रक्कम एका जेवणावळीतील मिठाईच्या खर्चाहूनही कमी होती. आणि ज्यांना जमेल त्या आजोबा-आजींनी शनिवारची वीस मिनिटे द्यावीत. कोल्ह्याचा आवाज मुले शिकवतात.

दिवाळीनंतर आमच्याकडील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. चौथीतील एक मुलगा आई-वडिलांबरोबर गेला, आणि त्याच्याकडे शाळेचे एक पुस्तक राहिले. नौका, वल्हवणारा म्हातारा आणि पूर अशी ती गोष्ट होती. मार्चअखेर मी वार्षिक मोजणी केली. सात पुस्तके सापडली नाहीत, अकरा फाटली होती. हजारी पाचाच्या हिशेबात हे बसत नाही, हे मी प्रामाणिकपणे समितीसमोर मांडले, आणि समितीने ते मान्य केले. हरवलेल्या सात पुस्तकांच्या यादीत मी ते नौकेचे पुस्तक धरले होते. वही सांभाळणाऱ्या मुलीने माझ्या हातून पेन घेतले आणि ती नोंद यादीतून खोडली. वहीतील त्या ओळीपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात तिने आधीच लिहून ठेवले होते: 'पुस्तक कारखान्यावर आहे.'

मी यादी सहाची केली.